कौसल्या सिस्टरची डावी फेरी

कौसल्या सिस्टर पाऊल टाकायची तेव्हा आधी रिकामं टाकायची. म्हणजे पाय पुढं जायचा, तळवा जमिनीला सपाट लागायचा, पण भार अजून मागच्याच पायावर. खाली जमीन आहे अशी खात्री झाली की मग सगळं अंग त्या पायावर यायचं. वाफ्यात पाणी सोडल्यावर आम्ही भाजीवाले चिखलात असेच चालतो. पण सिस्टर फरशीवर अशी चालायची, डांबरी रस्त्यावर चालायची, भावाच्या ओट्यावरही चालायची. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, बाईची नजर गेली असेल. नजर चांगली होती. तिला भेव होतं.

भित्री माणसं मी खूप पाहिली. ती भेव लपवतात, मीही लपवत आलो. सिस्टर लपवत नव्हती. दुसरी बाई आज ऊन लय हाय म्हणते तशी ती म्हणायची, "आज मले लय भेव लागून राह्यलं," आणि पुढं मेथी निवडत बसायची.

तिचा सगळा इतिहास मला ठाऊक नाही. एवढं ठाऊक आहे, की ती आमच्या देऊळघाटचीच. नवरा तरुणपणी गेला. नर्सिंग शिकली, काही वर्षं बुलढाण्याला दवाखान्यात होती, मग कोणा एजंटाच्या ओळखीनं सिंगापूरला गेली. तिथं एका म्हाताऱ्या चिनी माणसाला सांभाळायला त्याच्याच घरी राहिली. बारा वर्षांनी परत आली ती भावाकडं. भावाचं घर आमच्यापासून तिसरं. अंगावर सुती साडी, पायात रबरी तळाचे पांढरे बूट, केस मानेपर्यंत कापलेले. गावात आठ दिवस केसांचीच चर्चा.

कोणाच्या घरी गेली की दारातलं पायपुसण्याचं पोतं आधी उचलायची आणि कुंपणावर टाकायची. मग आत जायची. खुर्चीवर बसायच्या आधी तिच्या दोन्ही हातांवर जोर देऊन पाहायची. न्हाणीघरात डोकावून साबण कुठं ठेवला ते पाहायची. बायका चिडायच्या. आमची द्वारका, म्हणजे माझी बायको, शेतातून आली की कुंपणाकडं पाहून म्हणायची, "सिस्टर येऊन गेल्या वाट्टे. पोतं वाळत हाय."

बुलढाण्याच्या गाडीतून ती इंजिन बंद झाल्याशिवाय उतरत नसे. गाडी थांबली तरी नाही. एकदा मी तिच्या मागं भेंडीची दोन पोती घेऊन उभा, माझ्या मागं अर्धी गाडी उभी.

कंडक्टर म्हणाला, "उतरा ना सिस्टर, का पालखी आणू?"

"इंजिन बंद कर बाबा."

"अवो गाडी थांबली ना."

"थरथरून राह्यली ते. बंद कर."

त्यानं ड्रायव्हरला सांगून इंजिन बंद करवलं. ती एकेक पायरी रिकामा पाय टाकून उतरली आणि खालून त्याला म्हणाली, "तुह्या मायले नीट उतरवत जा." त्याला हसावं की चिडावं ते कळलं नाही.

सकाळी ती भावाच्या घरामागच्या मोकळ्या जागेत गोल फिरायची. आठ-दहा पावलांचा गोल होता. माती दाबून दाबून तिथं वाट पडली होती. मधे काहीच नव्हतं. ती त्या काही नसलेल्या जागेकडं मान वळवून पाहायची, एक हात त्या बाजूला छातीएवढा उचललेला, तळवा उघडा, दुसरा हात कोपराखाली. एका बाजूनं काही फेऱ्या झाल्या की पाय आत वळवून, अंगाला पीळ देऊन उलटी फिरायची आणि दुसऱ्या बाजूनं सुरू. फिरताना डावा पाय जरासा ओढायची.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी भिकाजीची पिठाची गिरणी आहे. भिकाजीनं एकदा पाहिलं आणि गिरणीत सगळ्यांना सांगितलं, "सिस्टरले घाण्याले जुंपली." मीही हसलो होतो.

मी कुंपणापाशी उभा राहून विचारलं, "हे काय म्हणायचं सिस्टर?"

"बाग्वा. चिनी विद्या हाय, मारामारीची."

"कोणाले मारता?"

"मी कायले मारू? मले मारता येते का." ती फिरतच बोलायची. "मी शिकली नाई भाऊ. आगोंग फिरायचा. आगोंग म्हणजे तिकडं आज्याले म्हणतात. त्याले झटका येऊन गेला होता, डावा पाय ओढायचा. त्याच्या पोरानं मले सांगितलं, हा पडला तर तुही नोकरी गेली. मंग मी त्याच्या मांगं मांगं फिरायची, हात असा धरून. बारा वर्सं फिरली. मंग मलेबी आलं."

"मंग तुमचा पाय काऊन ओढते?"

"तो आगोंगचा पाय हाय. विद्येत तसं नसते. पण मले तसंच येते."

असे आठ पलटे असतात म्हणे, आठ प्रकारचे हात. तिला तीन यायचे. चौथा शिकायचा राहिला.

तिच्या भेवाची खरी ओळख मला आठवडी बाजारात झाली. एक मोकाट सांड भाजीच्या रांगेत शिरला. कोणी त्याला काठी मारली असेल, तो बिथरला. आम्ही सगळे पळालो. मी माझी वांगी सोडून ट्रॅक्टरवर चढलो, हे सांगायला मला लाज नाही. वरून पाहतो तर मोकळ्या जागेत सांड आणि सिस्टर, दोघंच. ती पळाली नव्हती. हातातली पिशवी तिनं खाली ठेवली होती, आणि त्या सांडाभोवती फिरत होती. तीच चाल, तोच हात त्याच्या तोंडाकडं. सांड तिच्याकडं तोंड करायला वळायचा, तोवर ती पुढं गेलेली असायची. घाई काहीच नाही. तो वळून वळून थकला, की कंटाळला, ते त्यालाच माहीत. दोघं-तिघं दोरी घेऊन आले तोवर तो उभा राहिला होता.

दोरी पडल्यावर सिस्टर एका क्रेटवर बसली, बसायच्या आधी क्रेट दाबून पाहिला, आणि रडायला लागली. पाय लटलट कापत होते. मी पाणी नेलं.

"पळाल्या काऊन नाई?"

"पळाली असती तर पडली असती ना भाऊ."

"आन् सांडानं उचललं असतं तर?"

"त्याचंबी भेव होतं. पण पडायचं जास्त होतं."

घरी येऊन मी हे द्वारकेला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "खरं हाय तिचं."

मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. द्वारकेला चक्कर यायला लागून दोन महिने झाले होते आणि ती मला सांगत नव्हती. मग एका सकाळी पाण्याच्या टाक्यापाशी पडली. मनगट मोडलं. बुलढाण्याच्या डॉक्टरनं फोटो काढला, उजेडाला धरला आणि म्हणाला, "आजीची हाडं खारी बिस्किटासारखी झालीत. हे मनगट जुळेल. पण खुब्याचं हाड मोडलं तर पुन्हा उठणं अवघड आहे. पडू देऊ नका."

पडू देऊ नका. एवढं बोलून त्यानं पुढच्याचं नाव पुकारलं. माणसानं पडू नये यासाठी काय करायचं असतं, हे त्यानं सांगितलं नाही.

त्या दिवसापासून घरात भेव राहायला आलं. भांडं वाजलं की मी हातातलं टाकून आत धावायचो. ती न्हाणीत गेली की मी बाहेर पाटावर बसायचो आणि सांगायचो, "तांब्या वाजवत राह्य." ती आतून तांब्या बादलीवर वाजवायची. वाजणं थांबलं की मी ओरडायचो. ती म्हणायची, "अवो साबण लावून राह्यली, कितीक वाजवू?" शेतात गेलो तरी माझं लक्ष वाफ्यात नसायचं. मोबाईल वाजला की आधी दोन क्षण उचलायची हिंमत व्हायची नाही. पोरगी सासरी, घरात आम्ही दोघंच. द्वारका भिंत धरून चालायला लागली. मग भिंत सोडायलाच तयार होईना. चुलीपासून देवघरापर्यंत भिंतीवर तिच्या हाताचा काळसर पट्टा उमटला.

सिस्टर एका सकाळी आली, पोतं उचलून कुंपणावर टाकलं आणि तो पट्टा पाहिला. बराच वेळ पाहत राहिली.

"वहिनी, भिंत घरात हाय. रस्त्यावर काय धरणार?"

"मी रस्त्यावर जातच नाई आता."

"म्हून तर पडान तुमी. भेव पायात पाह्यजे. तुमचं डोक्यात चढलं."

मी म्हटलं, "सिस्टर, तिले काही झालं तर?"

ती माझ्याकडं वळली. "मलेबी तेच भेव हाय भाऊ. मी मांगं हात धरून राहीन. तुमची बायको पडली तर माह्या हातावर पडन."

आमच्या अंगणात तुळस आहे. तुळशीभोवती सारवलेली सपाट जागा होती, म्हणून सिस्टरनं राखेनं तिथंच गोल आखला. द्वारका तयार झाली ती तुळशीमुळं. रोजच फेऱ्या घालायची, त्यात भेव कसलं. तुळस उजव्या हाताला, नजर तुळशीकडं, उजवा हात त्या बाजूला उचललेला. मागं सिस्टर, तिचा तळवा द्वारकेच्या पाठीपासून वीतभर.

पहिल्याच दिवशी द्वारकेनं विचारलं, "मधी पाहाचं कोणाकडं?"

"आगोंग म्हणे, मधी दुश्मन उभा हाय असं समजाचं."

मी बाजेवरून म्हटलं, "तुळशीले दुश्मन म्हणता?"

"मी नाई म्हणत भाऊ. मले तिथी कधी दुश्मन दिसला नाई. मले तिथी पडाले आलेलं माणूस दिसते. म्हून माहा हात तसा जाते."

द्वारका म्हणाली, "मले तुळसच दिसते. तुळस चालन का?"

"चालन."

आठ दिवस बरं चाललं. नवव्या दिवशी सिस्टर म्हणाली, "वहिनी, आता पाय आत वळवा. आता दुसऱ्या आंगानं." आणि द्वारकेच्या खांद्याला धरून तिला उलटी वळवली. तुळस डाव्या हाताला आली. दोन पावलं पडली असतील. मी बाजेवरून उठलो.

आमच्यात उलटी फेरी एकदाच घालतात. सरणाभोवती, खांद्यावर फुटकं मडकं घेऊन. माझ्या बापाला मी घातली, आईला घातली. ती फेरी माझी बायको माझ्या डोळ्यांसमोर तुळशीभोवती घालत होती.

मी काय बोललो ते लिहून ठेवतो, कारण ते मीच बोललो. मी म्हटलं, "ए सिस्टर. तुह्या चिन्यात चालत असन. माह्या घरात मेलेल्याची फेरी घालाची नाई."

द्वारकेनं पाय उचलला तो तसाच राहिला. सिस्टरनं आधी तिला धरलं, ती नीट उभी आहे हे पाहिलं आणि मग मला उत्तर दिलं.

"भाऊ, तुळस नको तर दुसरीकडं फिरतो. बादली ठेवतो मधी. काहीच ठेवत नाई."

"बादली असो का काही असो. उलटी फेरी नाई."

"उजवं आंग शिकन आन् डावं आंग तसंच राहीन. डाव्या बाजूले वळताना तिले पायच सापडनार नाई."

"नाई म्हटलं ना."

सिस्टरनं द्वारकेच्या पाठीमागचा हात काढला नाही. ती द्वारकेकडं पाहत होती आणि द्वारका माझ्याकडं. मग सिस्टर म्हणाली, "बरं भाऊ. अर्धंच शिकवते."

मला त्या वेळी वाटलं, मी घराला काही तरी अशुभ होण्यापासून वाचवलं. रात्री मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

त्यानंतर पाच महिने सिस्टर रोज आली. एक दिवस चुकली नाही. ताप असताना आली, नाकाला रुमाल बांधून. द्वारका सुधारली, हे कोणीही सांगेल. भिंत सुटली. वाण्याच्या दुकानापर्यंत एकटी जायला लागली. एकदा मला म्हणाली, "मी आज गिरणीपर्यंत गेली आन् भेव घरीच विसरली." दळण घेऊन परत येताना तिला पाहिली तर तिचा डावा पाय जरासा ओढत होता.

मी म्हटलं, "तुह्या पायाले काय झालं?"

"काय नाई. आगोंगचा हाय तो," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली.

कधी न पाहिलेल्या त्या चिनी म्हाताऱ्याचा पाय माझ्या अंगणात फिरत होता. मला त्याचं भेव नव्हतं. उलट्या फेरीचंच होतं.

सिस्टर मात्र खूश नव्हती. द्वारका चांगली चालली की तिच्या कपाळावर आठी यायची. मला म्हणायची, "भाऊ, तुमी तिले हाक मारसान तं उजवीकडून मारा." मी हो म्हणायचो. ताट वाढताना ती द्वारकेच्या उजव्या बाजूला बसायची. बाजारात तिच्या डाव्या बाजूनं चालायची, भिंतीसारखी. एकदा मला वाटलं हिला विचारावं, एवढं कायचं भेव आहे. विचारलं नाही. उत्तर मला ठाऊक होतं आणि ते ऐकायचं नव्हतं.

त्या दिवशी आमच्या दारासमोर नाली खणून ठेवली होती. पुढून येता येत नव्हतं म्हणून मी गोठ्याकडून आलो. डोक्यावर सांभाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा भारा. द्वारका तुळशीपाशी पाठमोरी उभी, फेऱ्या झाल्या होत्या, सिस्टर हात धुवायला टाक्याकडं गेली होती. गोठा द्वारकेच्या डाव्या हाताला. मी हाक मारली, "द्वारके, भारा उतरव वो."

ती डावीकडं वळली. वळली म्हणजे वळायला निघाली. डोकं वळलं, खांदा वळला, पाय तिथंच राहिले.

आवाज लहान झाला. कोरडी काडी मोडावी तेवढाच.

सिस्टर टाक्यापासून आली ती पळत आली. तिला पळताना मी पहिल्यांदाच पाहिलं. ती पडली नाही. पण उशीर झाला होता. तिनं द्वारकेचं डोकं मांडीवर घेतलं, पायाकडं पाहिलं, एक पाय आखूड दिसत होता आणि पंजा बाहेरच्या बाजूला वळला होता. भारा अजून माझ्या डोक्यावर होता.

दवाखान्यात द्वारका अठरा दिवस होती. ऑपरेशन झालं. मग छातीत कफ भरला. सिस्टर तिथंच राहिली, खाटेखाली चादर टाकून. दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवायची. उजव्या कुशीवर, मग पाठीवर, मग डाव्या कुशीवर. डाव्या कुशीवर वळवताना द्वारका तिच्या हाताला नखं रुतवायची. "पडीन मी, पडीन," म्हणायची. खाटेवर झोपलेली बाई. सिस्टर तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगायची, "हात हाय मांगं. माहा हात हाय." मी दारात उभा राहून ऐकायचो. आत जायला मला भेव वाटायचं. दवाखान्याचं नाही, द्वारकेच्या नजरेचं. त्या हाकेबद्दल ती मला काही बोलली नाही. शेवटपर्यंत नाही. जायच्या आदल्या दिवशी मला म्हणाली, "वांग्याले पाणी देलं का?" मी हो म्हटलं. दिलं नव्हतं.

सरणाभोवतीची फेरी मीच घातली.

तेराव्यानंतर सिस्टर आली. दारात पोतं नव्हतं, तरी सवयीनं खाली वाकून पाहिलं. मी बाजेवर होतो. मी चार इयत्ता शिकलेला माणूस, मला गोल गोल बोलता येत नाही. मी सरळ विचारलं, "सिस्टर, माह्यामुळं पडली का ती?"

ती बाजेच्या कडेवर बसली. बसायच्या आधी बाज दाबून पाहिली नाही.

"हाव," ती म्हणाली.

मला वाटलं होतं, नाही म्हणेल. लोक म्हणतात तसं, देवाची मर्जी म्हणेल.

"तुमच्यामुळं अर्धी," ती म्हणाली. "अर्धी माह्यामुळं. वहिनीनं मले तीनदा म्हटलं, सिस्टर, तुमच्या घरामांगं शिकवा डावं, आमच्या ह्याईले सांगू नोका. मी नाई म्हटलं. तुमाले कळलं असतं तं तुमी उजवंबी बंद केलं असतं. मी तुमाले भेली भाऊ."

मी बाजेची सुटलेली दोरी ओढत बसलो.

"आगोंगच्या पोरालेबी अशीच भेली होती. तो म्हणे, आता बाबाले फिरवू नको, खुर्चीवर बसव. मले दिसून राह्यलं होतं का त्याचे पाय वाळून राह्यले. बसवला मी. महिनाभर बसवला. मंग एक दिवस तो आपल्या मनानं उठला. मी चहा करून राह्यली होती." ती आपले तळवे पाहत होती. "दोघं माह्या हातून गेले, आन् दोन्ही बारी घरच्या माणसाले भेऊन. पडायचं भेव मले येते. ते कसं ठेवायचं ते मले ठाऊक हाय. माणसाचं भेव कुठी ठेवायचं ते आगोंगनं नाई शिकवलं."

उठताना तिनं मला विचारलं, "तुमी फिरता का? तुमचाबी तोल जाऊन राह्यला. मी पाह्यलं."

मी नाही म्हटलं. तिनं आग्रह केला नाही.

पावसाळा संपल्यावर ती भाचीकडं देऊळगाव राजाला गेली, तिथं बाळंतपण होतं. मग तिकडंच राहिली. भाऊ म्हणतो बरी आहे. मी तिला परत भेटलो नाही. तिला शेवटचं नीट पाहिलं ते जायच्या आधीच्या आठवड्यात, भिकाजीच्या गिरणीमागं.

भिकाजीची बायको सरूबाई मोरीत घसरली होती, थोडक्यात वाचली. मी दळण घेऊन गेलो तर गिरणी बंद, मागून भिकाजीचा आवाज. मी बाजूनं गेलो. मागच्या जागेत राखेचा गोल होता. सरूबाई गोलावर उभी, तोंड पांढरं पडलेलं, एक पाय आत वळवलेला. मागं सिस्टर. भिकाजी पिठानं माखलेला, हात हलवून बोलत होता.

"अवो, उलटी फेरी घालतेत का कोणी जित्या माणसाले? बंद करा ते. माहं घर हाय हे."

सिस्टर कापत होती. हात, हनुवटी, सगळंच कापत होतं. बाजारात सांड गेल्यावर कापत होती त्याहून जास्त. तिचा आवाजही धड येत नव्हता. पण तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. सरूबाईच्या पाठीकडं पाहत ती म्हणाली, "वरडा भाऊ तुमी. आमचं चालू राहीन. सरूताई, पाय रिकामा टाका."

सरूबाई नवऱ्याकडं पाहायला लागली. पाय उचलेना.

भिकाजीला मी दिसलो. त्याला बरं वाटलं. "नामदेवभाऊ, सांगा ना हिले. तुमच्या घरी तुमी बंदच केलं होतं ना हे?"

सिस्टरनं माझ्याकडं पाहिलं. मी आलो म्हणून तिचं भेव दुप्पट झालं, ते मला दिसलं. दळणाचा डबा माझ्या हातात जड झाला होता. मी तो खाली ठेवला.

मी म्हटलं, "हो. बंद केलं होतं."

मग म्हटलं, "माह्या हाकेनं ती डावीकडं वळाले गेली भिकाजी. तिले वळता आलं नाई."

भिकाजीचा हात खाली आला. तो आत गेला नाही, तिथंच उभा राहिला. सरूबाईनं डावा पाय पुढं टाकला. आधी रिकामा. मग भार दिला. मग दुसरा. सिस्टरचा तळवा तिच्या पाठीमागं वीतभर अंतरावर होता, थरथरत, आणि तिच्याबरोबर डावीकडं सरकत होता.